मस्यो आओ आणि चार विसा: फ्रेंचच्या क्लासवर आणि घरच्यांवर विनोदी कसं लिहायचं

तर झालं असं, माझी एक मैत्रीण नवऱ्याबरोबर फ्रान्सला चाललीये आणि तिने मला विचारलं की तू तिकडे ल्यों शहरात असताना ते फ्रेंचच्या क्लासचं आणि आईबाबांचं गमतीगमतीचं लिहायचीस ना, ते कसं लिहायचं सांग, मला पण लिहायचंय. मी व्हॉइस नोट पाठवल्या, तीन, त्यातली एक सात मिनिटांची, तिने एकही ऐकली नाही. म्हणून आता लिहूनच काढते, बाकी कोणाला उपयोग झाला तर झाला.

माझी पार्श्वभूमी एवढीच की जन्म नौपाड्यातला, शाळा-कॉलेज-लग्न सगळं ठाण्यातच, आणि मग नवऱ्याच्या कामामुळे दोन वर्षं ल्यों. तो ऑफिसात इंग्रजीवर निभावून न्यायचा. बाजार, पोस्ट, डॉक्टर, खाली राहणाऱ्या आजीबाईंची पाण्याची गळती, हे सगळं माझ्याकडे, त्यामुळे फ्रेंच पण माझ्याच गळ्यात.

आधी वही घ्या. मोबाईलमधल्या नोट्स पण चालतात पण मला वही लागते, मी जाताना गावदेवी मार्केटच्या तिथून दोनशे पानी दोन घेऊन गेले होते. पानाचे तीन भाग करायचे. एकात मला काय म्हणायचं होतं, दुसऱ्यात मी प्रत्यक्षात काय बोलले, तिसऱ्यात समोरच्याचं तोंड कसं झालं. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तो त्याच रात्री भरायचा, कारण दुसऱ्या दिवशी नुसतं "ते हसले" एवढंच आठवतं आणि त्यावर लेख होत नाही. हसले म्हणजे कसे, खोकल्यासारखं केलं की खाली बघितलं की शेजारच्या स्टॉलवाल्याला हाक मारून सांगितलं, हे पाहिजे.

उदाहरण देते. ल्योंमध्ये क्र्वा-रूस म्हणून टेकडीवरचा भाग आहे, तिथे बुलेव्हारवर, म्हणजे मोठ्या रुंद रस्त्यावर, सकाळचा बाजार भरतो. मला अर्धा किलो टोमॅटो हवे होते. तिथे अर्ध्या किलोला बाजारात अजून "लीव्र" म्हणतात, आपण नाही का पावशेर मिरच्या म्हणतो, शेर कधीच गेला तरी. नेपोलियनच्या काळात, 1812 ला, ती लीव्र बरोब्बर 500 ग्रॅमची केली, पुढे कायद्याने तीही गेली, पण बाजाराने सोडली नाही. आता गोची अशी की लीव्र स्त्रीलिंगी असेल तर अर्धा किलो आणि पुल्लिंगी असेल तर पुस्तक. मी रांगेत उभी राहून पाच वेळा मनात घोकलं आणि नंबर आल्यावर ठणठणीत आवाजात पुल्लिंगी मागितलं. म्हणजे मी त्या माणसाकडे टोमॅटोचं एक पुस्तक मागितलं. तो हसला नाही. त्याने वजनकाट्यावरचा हात काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "रोमां ऊ पोएझी, मादाम?" कादंबरी देऊ का कविता.

हे वहीत त्याच रात्री लिहिलं म्हणून वजनकाट्यावरचा हात राहिला. आणि हे सगळं मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण अर्धा किलो म्हणायला काय झालं होतं?" आणि खरंच, दमी-किलो म्हणतात, चालतं, कोणीही देतं. क्लासला जाऊन चार महिने झाले होते आणि आईने नौपाड्यातून भाजी निवडता निवडता सोडवलं.

आता या प्रसंगाचा पहिला खर्डा मी लिहिला तो इतका रद्दी होता की सांगायची सोय नाही. सुरुवात होती, "फ्रेंच ही जगातली एक अत्यंत गोड भाषा मानली जाते." मग दोन परिच्छेद लिंगविचार. मग ल्यों शहराची माहिती, दोन नद्या, रोन आणि सोन. टोमॅटो यायला दीड पान. दुसऱ्या खर्ड्यात मी पहिल्याच वाक्यात स्टॉलसमोर उभी होते, पिशवी हातात. नद्या उडवल्या. लीव्रची भानगड एका वाक्यात, पावशेराच्या आधाराने, कारण पावशेर म्हटलं की आपल्या माणसाला पुढचं कळतंच. आणि शेवट त्या भाजीवाल्यावर नाही केला, आईवर केला. भाजीवाला शेवटी असता तर तो विनोदी किस्सा झाला असता, ऑफिसच्या पार्टीत सांगायचा. आईमुळे तो घरचा झाला.

माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच येतं. फ्रेंच चुकली यात काही मजा नाही, ती प्रत्येकाची चुकते. मजा तेव्हा येते जेव्हा ती चूक जाऊन घरातल्या कशावर तरी आपटते. आणि आपटल्यावर जिंकायचं घरच्यांनी. हरायचं तुम्ही.

म्हणून काही गोष्टी सरळ टाकून द्या. ते प्रेझेर्व्हातीफ. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कंडोम, आणि जगातला प्रत्येक शिकणारा कधी ना कधी आमच्या घरचं लोणचं-मुरांबा बिना प्रेझेर्व्हातीफचा असतो म्हणून सांगून बसतो. मी पण बसले. क्लासमधली ब्राझीलची मुलगी पण बसली, जॅमवरून. बाई पण दमल्या होत्या त्या जोकला, त्यांनी नुसता फळ्यावर प्रिझर्व्हेटिव्हचा खरा शब्द, "कोन्सेर्व्हातर", लिहिला आणि पुढे गेल्या. जे ऐकून बाईंना कंटाळा येतो ते वाचकाला कशाला द्यायचं. तसंच लांब पाव काखेत धरून चालणारे लोक, बेडकाच्या तंगड्या, परफ्यूम, हे सगळं बाद.

ठेवायचं काय, तर जिथे मराठी आणि फ्रेंच एकमेकींकडे बघून दचकतात ते. लिंगाचंच घ्या. आपल्याकडे तो-ती-ते, त्यांच्याकडे ते नाहीच, मग आपली सगळी "ते" मंडळी तिथे जाऊन वाटली जातात. दार, घर, टेबल, तिन्ही तिथे बायका. दूध आणि पुस्तक पुरुष. ट्रेन, जी ठाण्यात जन्मभर "ती आली, ती गेली, ती आज पण लेट" आहे, ती तिथे तो. आणि चंद्र! चंद्र तिथे बाई आहे, ला ल्यून. माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा, त्याला फोनवर सांगितलं की इकडे चांदोमामा नसतो, बाई असते. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे चांदोमावशी?" मी काही बोलले नाही, वही उघडली.

बघा, यात मी व्याकरण शिकवलं नाही, पण वाचकाला व्याकरण कळलं.

दुसरा मोठा खजिना म्हणजे आकडे. फ्रेंचमध्ये सत्तरपासूनच गाडी घसरते. ऐंशी म्हणजे "कात्र-व्हँ", चार वीस. नव्वद म्हणजे "कात्र-व्हँ-दिस", चार वीस दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले नव्वदला सरळ नोनांत म्हणतात पण फ्रान्समध्ये फोन नंबर लिहून घ्यायला बसलं की घाम फुटतो. मी हे आजीला तक्रारीच्या सुरात सांगत होते. आजी जुन्नरकडची, तेव्हा नव्वदीला टेकलेली, लग्न होऊन ठाण्यात आली तरी हिशोब गावचाच. मी म्हटलं, आजी, तुझं वय सांगायला तिथे चार वेळा वीस आणि वर दहा म्हणावं लागतं, कसली येडी माणसं. आजीने पदराने चष्मा पुसला.

"मंग? चार विसा न् धा. त्यात काय?"

मला एकदम आठवलं, आजी नारळ पण असेच मोजायची, विसाविसाने. म्हणजे मी ज्याच्यासाठी दर आठवड्याला चार दिवस क्लासला जात होते ते नौपाड्यातल्या दोन खोल्यांत लहानपणापासून चालू होतं. तरी मी हार मानली नाही. म्हटलं बरं, नव्व्याण्णवला काय म्हणतात माहितीये? चार विसा न् एकोणीस.

आजी म्हणाली, "एक कमी पाच विसा म्हणायचं. येवढं येत नाही त्यान्ला?"

यावर मी पुढे एक परिच्छेद लिहिला होता, एकोणीस-एकोणतीसची आपली पद्धत, 2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा झालेला गोंधळ, सगळं. छान परिच्छेद होता. काढला. आजी बोलून गेल्यावर आपण बोलायचं नसतं.

घरच्या माणसांना लेखात आणताना अजून एक, "टिपिकल मराठी आई" लिहू नका. डबा देणारी, पोचलीस का म्हणून विचारणारी, ती सगळ्यांचीच आई आहे आणि म्हणून कोणाचीच नाही. तुमची आई नेमकं काय म्हणते ते लिहा. माझी आई कोणतीही परदेशी गोष्ट ऐकली की आधी ती तिकडे कितीला मिळते विचारते आणि मग "असू दे" म्हणते. आठ डिसेंबरला ल्योंमध्ये सगळे खिडक्यांत मेणबत्त्या लावतात, 1852 पासूनची पद्धत, अख्खी गल्ली उजळते, मी रडवेली होऊन व्हिडिओवर दाखवत होते तर आई म्हणाली, "केवढ्याला पडते गं एक? असू दे. आपली दिवाळी झाली ना." बस. ही माझी आई, दुसऱ्या कोणाची नाही.

बाबांचं तर फ्रेंचशी नातंच वेगळं. तिथला र घशातून काढायचा असतो, बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना करायला लावला, कोणाला येईना. मला फक्त डोळे मिटून आमचं बेसिन आठवायचं होतं. बाबा रोज सकाळी सव्वासहा-साडेसहाला (वेळेबद्दल वाद आहे, पुढे येईल) तोंड धुताना जे खाकरतात ते पूर्ण मजल्याला ऐकू जातं, लहानपणी मला त्याची इतकी लाज वाटायची की मैत्रिणी राहायला आल्या तर मी आधीच उठून नळ सोडून ठेवायचे. तेच मी वर्गात काढलं. बाई म्हणाल्या, "परफे!" परफेक्ट. वारसाहक्काने मिळालेला र.

आणि मग त्यु-व्हूचा धडा. त्यु म्हणजे तू, व्हू म्हणजे तुम्ही, आपल्याला सोप्पंय असं मला वाटलं. बाईंनी विचारलं, घरी आईवडिलांना काय म्हणता? सगळे म्हणाले त्यु, त्यु, त्यु. मी म्हटलं आईला त्यु, बाबांना व्हू. वर्ग शांत. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, वडिलांशी तुमचं... बोलणं आहे ना? मी घाईघाईने म्हटलं आहे आहे, खूप प्रेम आहे, आमच्यात आई पण त्यांना व्हूच म्हणते. आणि ते आईला? त्यु. शेजारच्या सीरियन आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी विषय बदलायला म्हणून विचारलं, आई त्यांना नावाने हाक मारते का? मी म्हटलं नाही, "अहो" म्हणते. बाईंना वाटलं हेच नाव. त्यांनी फळ्यावर लिहिलं, आणि फ्रेंचमध्ये ह चा उच्चारच करत नाहीत, त्यामुळे वाचताना ते झालं आओ. त्या दिवसापासून शेवटच्या क्लासपर्यंत त्या मला विचारायच्या, मस्यो आओ, म्हणजे श्रीयुत आओ, कसे आहेत?

बाबांना हे सांगितलं तर मला वाटलं चिडतील. दोन दिवसांनी त्यांचा फोन, "हॅलो, मस्यो आओ बोलतोय."

इथे एक लक्षात घ्या, या प्रसंगात बाई मूर्ख नाहीत. त्या मायाळू आहेत आणि त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी बरोबर अंदाज बांधला. परदेशी माणसाला वेडं ठरवलं की हसू येतं पण स्वस्तातलं येतं. सीरियन आजोबांवर पण मी खूप काही लिहू शकले असते, त्यांच्या फ्रेंचवर, पण ते कुठून आणि कशातून आले होते ते मला माहीत होतं, म्हणून ते फक्त खांद्यावर हात ठेवतात आणि एवढंच करतात.

हे मी शहाणपणाने शिकले नाही, मार खाऊन शिकले. माझी एक नात्यातली बाई, कोण ते सांगत नाही, आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती आणि तिने तिथल्या बेकरीत घासाघीस केली. सॉलिड प्रसंग होता, तिला खरंच एक क्र्वासां फुकट मिळाला. मी लिहिलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं. सगळे हसले, ती गणपतीत माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं घासाघीशीचा राग आला असेल. नंतर कळलं तसं नव्हतं, ते तर ती स्वतः सगळ्यांना सांगत होती. राग होता मी तिचं इंग्रजी जसं चुकत होतं तसं लिहिलं त्याचा. तेव्हापासून नियम केला, उच्चार चुकलेले लिहायचे ते फक्त स्वतःचे. आणि माझ्या बाजूने लिहिताना मी विसरले होते की ती बाई जिंकली होती! फुकट क्र्वासां घेऊन आली होती, आणि मी लेखात तिला हरवून टाकलं.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. फ्रेंच शब्द देवनागरीत कानाला ऐकू येतात तसे लिहा, आणि एकदा व्हँ लिहिलंत तर शेवटपर्यंत व्हँ. एका परिच्छेदात एकच नवा फ्रेंच शब्द, दोन म्हणजे डोक्यावरून पाणी. अर्थ कंसात देऊ नका, घरच्या कोणालातरी विचारू द्या, "म्हणजे काय गं?" आणि मग उत्तर द्या, तेवढ्यात एक जोक पण होऊन जातो. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर पावसाळ्यातच पाठवा, दसऱ्याला आठवण होऊन उपयोग नाही. आणि शेवटी "भाषा माणसं जोडते" असं वाक्य येऊ लागलं की पेन खाली ठेवा, लेख त्याच्या आधीच्या परिच्छेदात संपलेला असतो.

लेख जमला की नाही हे बघायची माझी पद्धत, लोकल. परत आल्यापासून मी ठाण्याहून स्लो पकडते, लेडीज डब्यात माझ्या बाजूला जी बसते तिला मी मोबाईलवरून वाचून दाखवते. मुलुंडपर्यंत प्रस्तावना चालते. नाहूर यायच्या आत ती हसली नाही तर वरचं सगळं कापायचं. भांडुपला तिने खिडकीबाहेर बघितलं तर मधला भाग लांबलाय. विक्रोळीला तिने स्वतःच्या सासऱ्यांची गोष्ट सुरू केली तर जमलं, कारण आता तिला तिच्या घरचं आठवायला लागलंय. (ती गोष्ट ऐकायची पण लिहायची नाही, ती तिची आहे.)

आणि सगळ्यात शेवटी, कुठेही पाठवायच्या आधी घरच्यांना वाचून दाखवायचं, तो बेकरीचा प्रकार झाल्यापासून मी हे चुकवत नाही. मेसेज करायचा नाही, वाचून दाखवायचं, कारण ते कुठे गप्प होतात ते ऐकावं लागतं. मस्यो आओचा लेख मी ल्योंहून दुपारी तीनला वाचला, ठाण्यात साडेसहा, दिवेलागण, आई देवापाशी, बाबा सोफ्यावर. मी पूर्ण वाचला. खाकरण्याच्या जागी मी जरा पटपट वाचलं. पलीकडे शांतता. मला वाटलं झालं आता.

बाबा म्हणाले, "बाकी ठीक आहे. पण मी सहाला खाकरतो असं लिहिलंयस. मी साडेसहाला उठतो."

मी म्हटलं बरं, बदलते.

मागून आई, "अहो, साडेसहा कुठले, सव्वासहाला अख्खी बिल्डिंग जागी होते."

"सव्वासहाला मी पाणी पितो."

"पाणी पिताना येतो का तसला आवाज?"

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि वही उघडली.